जुन्या मोटारीतील अॅल्युमिनियम: गैरसमज आणि वस्तुस्थिती

१९४८ साली लंडनच्या मोटार प्रदर्शनात आलेल्या जॅग्वार ‘एक्सके १२०’ या मोटारीच्या इंजिनाचा ठोकळा ओतीव लोखंडाचा, तर सिलिंडर हेड आणि कॅमशाफ्टवरील दोन लांबट झाकणे अॅल्युमिनियमची होती. ही झाकणे कारखान्यातूनच चकचकीत होऊन येत. त्यावरून जुन्या मोटारीतील अॅल्युमिनियमचा प्रत्येक भाग तसाच लखलखला पाहिजे, असा समज रूढ झाला असावा. वस्तुतः त्याच इंजिनाच्या सिलिंडर हेडला तसे पॉलिश नव्हते. म्हणून कोणता भाग मुळात कसा होता हे ठरविल्याखेरीज केलेले पॉलिश म्हणजे जीर्णोद्धार नव्हे, विद्रूपीकरण होय.

अॅल्युमिनियम गंजत नाही, हे अर्धसत्य आहे. हवा लागताच या धातूवर अवघ्या काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर धरतो आणि तोच आतील धातूचे रक्षण करतो; परंतु मीठ व ओलावा एकत्र आले की हा थर जागोजागी भेदला जातो, पांढरी पूड दिसू लागते आणि तिच्याखाली बारीक खड्डे पडतात. पोलादी बोल्टांभोवती ही झीज अधिक असते, कारण ओलाव्यात भिन्न धातू एकमेकांस चिकटून असले की विद्युत्-रासायनिक क्रियेत अॅल्युमिनियम आधी खर्ची पडते. असे खड्डे पॉलिशने भरून निघत नाहीत. त्यांच्या तळापर्यंतचा धातू सँडपेपरने उतरवावा लागतो.

कापडावर उतरणारा काळेपणा हा मळ असून तो थांबेपर्यंत घासत राहावे, ही समजूत सर्वांत घातक आहे. तो काळेपणा मुख्यतः झिजलेल्या धातूच्या व ऑक्साइडच्या सूक्ष्म कणांचा असल्याने तो कधीच थांबत नाही, आणि घासणाऱ्याच्या हातून कोरलेली अक्षरे व रेखीव कडा मात्र कायमच्या बोथट होतात.

कॉस्टिक सोड्याने भाग लवकर स्वच्छ होतो असे मानतात. पण तो अॅल्युमिनियमलाच विरघळवतो आणि त्यातून ज्वालाग्राही हायड्रोजन बाहेर पडतो. अॅनोडायझिंग केलेल्या, म्हणजे विजेच्या साहाय्याने ऑक्साइडचा थर मुद्दाम जाड केलेल्या पट्ट्यांना तर तो थर काढल्याशिवाय पॉलिश चढतच नाही.

लोखंड घासलेले पॉलिशचे चाक अॅल्युमिनियमसाठी कदापि वापरू नये, कारण अॅल्युमिनियमची बारीक पूड लोखंडाच्या गंजात मिसळली असता ठिणगीने भडकू शकते.