स्पीकर ठणठणीत, तरी संगणक मुका

"भाऊ, स्पीकर गेले वाटते. बर्डीवर येता का सोबत?" दृष्टिहीन मित्राचा फोन आला आणि आम्ही सीताबर्डीला गेलो. दुकानदार भला माणूस. नवे स्पीकर दाखवण्याआधी त्याने जुने स्वतःच्या मोबाइलला जोडले. खणखणीत वाजले. म्हणजे दोष संगणकात होता.

संगणकाचा आवाज गेला तर आपली फार तर गाणी बंद पडतात. या मित्राचा पडदाच जातो. लिनक्सवर मजकूर वाचून दाखवणारा ‘ओर्का’ हा स्क्रीन रीडर म्हणजे त्याचे डोळे.

ओर्का, ब्राउझर, व्हिडिओ कॉल हे सहसा थेट साउंड कार्डाकडे जात नाहीत. मध्ये ऑडिओ सर्व्हर नावाचा प्रोग्राम सगळ्यांचे आवाज एकत्र करून पुढे धाडतो. पूर्वी हे काम बहुधा ‘पल्सऑडिओ’ करी; फेडोराने २०२१मध्ये आणि उबुंटूने २०२२मध्ये ते ‘पाइपवायर’कडे दिले. हा सर्व्हर कोसळला, की ‘सिस्टिमडी’ त्याला पुन्हा उभा करतो. आपल्याला आवाज क्षणभर तुटल्यासारखा वाटतो. पण तो लागोपाठ कोसळू लागला, तर सिस्टिमडीही नाद सोडतो. एरवीची मर्यादा दहा सेकंदांत पाच प्रयत्नांची. मग ओर्का आत बोलत राहतो, बाहेर चिडीचूप.

घरी येऊन संगणकाची नोंदवही, म्हणजे ‘जर्नल’, उघडली. मी ओळी वाचायच्या, त्याने अर्थ लावायचा. सर्व्हर कोसळण्याच्या नेमक्या आधी दर वेळी एकच नोंद: यूएसबी हेडसेट जोडला गेल्याची. हेडसेट काढला, लॉगआउट करून पुन्हा लॉगिन केले आणि ओर्का बोलू लागला. पुन्हा जोडला, पुन्हा शांतता. अपराधी सापडला. (सर्व्हर अपडेट केल्यावर असे दोष कधी कधी जातात, तेही करून पाहावे.)

तुमच्याकडे असे झाले, तर स्पीकर आधी मोबाइलवर तपासा. मग नुकते जोडलेले उपकरण काढा आणि संगणक पुन्हा सुरू करा. दृष्टिहीन वापरकर्त्याची अडचण वेगळी: दुरुस्तीच्या सूचना ऐकायच्या कशा? ब्रेल डिस्प्ले असेल तर तो आवाजाविना चालतो, पण महाग. मित्राने दुसरी सोय केली. ऑडिओ सर्व्हर पुन्हा सुरू करण्याची आज्ञा त्याने कीबोर्डच्या एका शॉर्टकटला बांधून टाकली. पाहण्याची गरज नाही, ऐकण्याचीही नाही.

त्याने शॉर्टकट तीनदा दाबून पाहिला. तो हेडसेट सध्या माझ्या पिशवीत आहे.