पर्यावरणपूरक खरेदी: सोलापूरच्या शुक्रवार पेठेतून निघण्यापूर्वी

वस्त्र पर्यावरणपूरक आहे की नाही, हे पाटीवरून नव्हे, तर धागा आणि खूण पाहून ठरते.

• खादी की हातमाग? खादीत सूतकताई आणि विणकाम दोन्ही हाताने. हातमागावर गिरणीचे सूतही चालते. म्हणून खुणा वेगळ्या: हातमाग चिन्ह (२००६), खादी चिन्ह (२०१३).

• सुती की पॉलिस्टर? सुटा धागा जाळून पाहा. सुती धागा कागदासारख्या वासाने जळतो, मऊ राख उरते. खनिज तेलापासून बनलेले पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

• सेंद्रिय कापड: ‘जीओटीएस’ या जागतिक सेंद्रिय वस्त्र मानकाच्या ‘सेंद्रिय’ शिक्क्यासाठी किमान ९५ टक्के प्रमाणित सेंद्रिय तंतू लागतात.

• कोल्हापुरी चप्पल: पारंपरिक कातडे बाभळीची साल व हिरडा वापरून कमावतात. २०१९च्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्र-कर्नाटकातील आठ जिल्हे आहेत. सोलापूर त्यांपैकी एक.