एक घोट इतकी वर्षं कसा आठवतो?

बिरसी गाव म्हटलं की लोकांना विमानतळ आठवतो. मला आठवतो तो मार्च-एप्रिलमधला मोहफुलांचा वास. पहाटे टपटप पडलेली रसाळ, पिवळसर फुलं टोपलीत जमतात आणि ऊन चढलं की त्यांना गोड-आंबूस वास सुटतो. पुढे बऱ्याच वर्षांनी बिअरचा ग्लास ओठाला लावला आणि थेट ती टोपली डोळ्यांसमोर आली. तीच माझी सर्वांत लक्षात राहिलेली बिअर.

असं का व्हावं? मोह असो वा बिअरचं जव, आंबवण्याचं काम यीस्टचंच. साखर खाऊन ते अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतं, शिवाय फळांसारखा वास असलेली काही द्रव्यंही. ओळख पटते ती इथे.

जीभ फार तर कडू, गोड, आंबट, खारट आणि उमामी एवढंच सांगते. चवीचा बाकी बराचसा तपशील घशामागून नाकात चढणाऱ्या वासाचा. सर्दीत वरण-भात बेचव लागतो, तो म्हणूनच.

डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं मेंदूतल्या एका नाक्यावर थांबून पुढे जातं. वास मात्र त्या नाक्याला वळसा घालून भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांत पोचतो. जणू ओळखीचा पाहुणा मागच्या दारानं सरळ स्वयंपाकघरात यावा. त्यामुळे वासासोबत ती पहाट, ती माणसंही येतात.

बर्फासारख्या गार बिअरमधून वास कमी उडतो. ग्लास हातात थोडा वेळ राहिला की गारवा कमी होतो, फेसाचे बुडबुडे फुटतात आणि वास वर येऊ लागतो.