दाखल्यातील टक्के : लेखांक चौथा

मागील लेखांकात अनुदानाच्या अर्जासोबत कोणकोणते कागद जोडावे लागतात ते आपण पाहिले. आज, ज्या एका कागदावर इतर सर्व कागदांचे भवितव्य अवलंबून असते, त्या अपंगत्वाच्या दाखल्याकडे, आणि विशेषतः त्यावर लिहिलेल्या टक्क्यांच्या आकड्याकडे वळावयाचे आहे.

बुलढाणा जिल्ह्याच्या घाटाखालील एका तालुक्याच्या कचेरीत, व्हरांड्यातील बाकावर बसलेले पन्नाशी ओलांडलेले एक मजूर जोडपे मला आठवते. विहिरीच्या बांधकामावर पडून नवऱ्याचा डावा पाय कायमचा अधू झालेला, आणि कानांनी तर त्याला गेली कित्येक वर्षे फारच कमी ऐकू येत असे. बायकोच्या हातातील प्लास्टिकच्या पिशवीत दोन दाखले होते, एक पायाचा, ३० टक्क्यांचा, आणि दुसरा कानांचा, २० टक्क्यांचा. त्यांच्यासोबत परत आलेला अर्जही होता, आणि त्यावर ‘४० टक्क्यांपेक्षा कमी’ असा शेरा होता. तिने दोन्ही दाखले माझ्यापुढे धरले आणि म्हणाली, “पाय वेगळा मांडला, कान वेगळा मांडला, पण माणूस तं एकच हाये ना, भाऊ?”

त्या बाईने विचारलेला प्रश्न कायद्यालाही पडलेला आहे, आणि कायद्याने त्याचे उत्तर तिच्याच बाजूने दिलेले आहे, ही गोष्ट खेड्यापाड्यांतील फारच थोड्या लोकांना ठाऊक असते. १९९५ च्या कायद्याने अपंगत्वाचे सात प्रकार मानले होते; दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने ती संख्या २१ वर नेली, आणि एकाहून अधिक अपंगत्वे एकाच व्यक्तीच्या ठायी असणे हाही त्यांतील एक स्वतंत्र प्रकार ठरविला. अशा वेळी टक्के नुसते बेरजेने मोजीत नाहीत. दोहोंतील मोठा आकडा तसाच ठेवावा. तो नव्वदातून वजा करून जे उरेल त्याने लहान आकड्यास गुणावे, गुणाकारास नव्वदांनी भागावे, आणि आलेला भागाकार मोठ्या आकड्यात मिळवावा, अशी रीत केंद्र शासनाच्या मार्गदर्शक तत्त्वांत घालून दिली आहे. आपल्या मजुराचा हिशेब मांडू. नव्वदातून ३० गेले, उरले ६०. साठ गुणिले २० म्हणजे १२००. त्यास नव्वदांनी भागले की तेरा आणि वर थोडेसे. आणि तीस अधिक तेरा म्हणजे ४३. बेरीज ५० होत नाही, कारण दुसरी हानी ही पहिल्या हानीनंतर शिल्लक राहिलेल्या क्षमतेवर मोजली जाते. परंतु जो इसम दोन निरनिराळ्या दाखल्यांनी दाराबाहेर राहिला, तोच एका एकत्रित दाखल्याने दाराच्या आत येऊ शकतो.

अर्थात हा हिशेब कागदावर आपण करून भागत नाही. तो वैद्यकीय मंडळाने तपासणी करून दाखल्यात उतरवावा लागतो. त्यासाठी ‘स्वावलंबन’ संकेतस्थळावर अर्ज करताना दोन्ही अपंगत्वांचा स्पष्ट उल्लेख करावा, आणि तपासणीच्या दिवशी जुने दोन्ही दाखले सोबत न्यावेत. मंडळाने दाखला नाकारल्यास तसे लेखी कळविणे त्याच अधिनियमाच्या ५८ व्या कलमाने बंधनकारक आहे, आणि ५९ वे कलम अपिलाचा मार्ग देते. म्हणून तोंडी नकार घेऊन कोणीही घरी परतू नये. घाटाखालच्या संग्रामपूर किंवा जळगाव जामोदच्या माणसाला बुलढाण्यास जाणे म्हणजे एक अख्खा दिवस, सोबतीच्या माणसाची बुडालेली मजुरी आणि राजूर घाटाची चढण; एसटीच्या भाड्यात दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे खरी, परंतु ती मिळते ओळखपत्र हाती आल्यावर, आणि हा प्रवास असतो त्या ओळखपत्रासाठीच. एवढ्या सायासाने गेलेल्या माणसाला नकाराचा निदान एक कागद तरी मिळाला पाहिजे.

चाळीसची पायरी ओलांडली म्हणजे संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज करता येतो. अंतुले मुख्यमंत्री असताना, १९८० साली, सुरू झालेल्या या योजनेत अर्जदाराचे वय १८ ते ६५ च्या दरम्यान असावे लागते, महाराष्ट्रात त्याचे १५ वर्षे वास्तव्य असावे लागते, आणि दिव्यांगाच्या बाबतीत कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत असावे लागते. रक्कम २०२३ पासून दरमहा १५०० रुपये होती, आणि ती विधवेला, निराधाराला आणि दिव्यांगाला सारखीच होती. वस्तुतः २०१६ च्या अधिनियमाचे २४ वे कलम असे फर्मावते की दिव्यांगांना इतरांच्या तशाच योजनेपेक्षा किमान २५ टक्के अधिक साहाय्य मिळावे, कारण त्यांच्या जगण्याला औषधपाणी, आधार देणारा माणूस आणि साधने यांचा जादा खर्च असतो. कायदा २०१७ च्या एप्रिलात अमलात आला. दिव्यांगांची रक्कम वेगळी करून २५०० रुपये करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला तो २०२५ च्या सप्टेंबरात. निर्णय स्वागतार्ह आहे, आणि इतका उशिरा झाला याचे दुःखही आहे.

ज्यांचे अपंगत्व ८० टक्के वा त्याहून अधिक आहे आणि जे दारिद्र्यरेषेखालील यादीत आहेत, त्यांना केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तीवेतनाचे ३०० रुपये मिळतात. ते राज्याच्या रकमेवर वेगळे नसतात, तिच्यातच धरलेले असतात, म्हणून कोणी दोन्ही बेरजेने मागू नयेत.

उत्पन्नाच्या अटीविषयी मात्र स्पष्ट बोलणे भाग आहे. रोजगार हमीवरील मजुरी २०२५-२६ साठी महाराष्ट्रात दिवसाला ३१२ रुपये आहे. एका घरातील एकच व्यक्ती त्या दराने १६० दिवस कामास गेली, तर ४९,९२० रुपये होतात. एकशेएकसष्टाव्या दिवशी ते कुटुंब मर्यादेबाहेर जाते. अधू नवऱ्याला सांभाळून जी बाई वर्षातून साडेपाच महिने मातीकाम करते, तिच्या कष्टाचा तो एका दिवसाचा जादा रोज घरातील दिव्यांगाचे अनुदान बंद करण्यास पुरेसा ठरावा, हे मला कोणत्याही न्यायाने पटत नाही. मजुरीचा दर वर्षाला सुधारतो. मग त्या दराशी ही मर्यादा बांधून ठेवण्याची तजवीज का होऊ नये?

रक्कम आता आधारशी जोडलेल्या बँक खात्यात थेट जमा होते. ज्या हातांनी आयुष्यभर दगड फोडले, त्यांचा अंगठा यंत्रावर पुष्कळदा उमटत नाही. अशा वेळी आधार केंद्रावर बुबुळांची छाप घेण्याची मागणी करावी, आणि वर्षाचा हयातीचा दाखला मुदतीत देऊन त्याची पोच घ्यावी.

त्या जोडप्याला मी परत आलेल्या अर्जाच्या पाठीवर तो हिशेब मांडून दाखविला, नव्वद, साठ, तेरा, त्रेचाळीस, आणि नवऱ्याच्या कानाशी वाकून शेवटचा आकडा दोनदा मोठ्याने सांगितला. बायकोने कागदाची चौपदरी घडी घालून तो पिशवीत ठेवला, आणि समोरच्या टपरीवर जाऊन सकाळची पहिली बुलढाण्याची गाडी किती वाजता सुटते ते विचारले.