रकान्यातला एक शब्द

पूर्व विदर्भातलं झुडपी जंगल हे वनच, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 22 मे 2025 रोजी दिला. किती हेक्टर आणि कोणाचं काय अडलं, तो वेगळा विषय. मला गंमत वाटते ती त्या शब्दाची. ‘झुडपी जंगल’ ही वनखात्याची नव्हे, महसुली दप्तराची भाषा. मध्य प्रांताच्या राजवटीत ज्या मुरमाड जमिनीवर पीक येत नव्हतं, खुरटी झाडं होती आणि गावची गुरं चरत होती, तिच्यापुढे कोण्या कारकुनाने तसं लिहिलं. 1956 साली चंद्रपूर (तेव्हा गडचिरोली त्यातच) मुंबई राज्यात आलं, त्याबरोबर दप्तरही आलं. पुढे त्याच जमिनींवर शाळा, घरं, सरकारी कचेऱ्या उभ्या राहिल्या. रकान्यातला शब्द मात्र हलला नाही.

रकान्यात काहीही असो, दस्त नोंदला की जमीन आपली, हा आपला जुना गोड समज. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत काय होतं? कॅमेऱ्यापुढे बसायचं, अंगठा द्यायचा, ओळख पटवणारे उभे करायचे, मुद्रांक शुल्काची पावती जोडायची. विकणारा खरंच मालक आहे का, याचा निवाडा तिथे होत नाही. 1908 च्या नोंदणी कायद्याने तो अधिकार निबंधकाला दिलेलाच नाही, हे तमिळनाडूच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये पुन्हा सांगितलं. नोंदतो तो व्यवहार, मालकी नव्हे. आणि सातबारा? तो महसुली उतारा. उलट सिद्ध होईपर्यंत खरा मानायचा, इतकंच.

ऑस्ट्रेलियात याच्या उलट. वहीत नाव तोच मालक, आणि वहीच्या चुकीने कोणी बुडाला तर भरपाईची सोय कायद्यातच. रॉबर्ट टोरेन्स अॅडलेडला जकातीचा अधिकारी होता. जहाजांची नोंद जशी होते तशी जमिनीची का नको, असं त्याने विचारलं आणि 1858 मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात ती पद्धत आली. आपल्याकडेही अशा हमीच्या मालकीचं स्वप्न अधूनमधून कोणाला तरी पडतंच. चांगलंच आहे. पण त्या वहीचं पहिलं पान कोणी लिहिलं? तिथे सुरुवात राणीच्या सनदेपासून. हजारो वर्षं त्या जमिनीवर राहणाऱ्यांचं नाव त्यात नव्हतंच. त्यांचाही हक्क होता, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं 1992 साली, माबो खटल्यात. चोख वही आणि न्याय्य वही यांत फरक असतो, तो असा. गडचिरोलीत हमीची वही आणायची तर आधी झुडपीचा रकाना कोणाला विचारून भरणार, ते सांगा.

गडचिरोलीतच, धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाकडे तिसऱ्याच तऱ्हेचा कागद आहे. वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर ग्रामसभेचा सामूहिक हक्क मान्य झाला. त्यावर कोणा एकाचं नाव नाही, तो विकता येत नाही, वारसाच्या फेरफाराची कटकट नाही. 2013 मध्ये तर गावाने आपापली शेतंही ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेला द्यायचं ठरवलं.

तरी 2009 चा तो कागद हातात असूनही गावाला आपला बांबू बाहेर नेऊन विकता येईना. वाहतूक परवान्याचं पुस्तक वनखात्याकडे होतं. ते ग्रामसभेच्या हाती पडलं एप्रिल 2011 मध्ये, केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले तेव्हा.