माळ्यावरची पेटी

मध्यमवर्गीय घराचा माळा ही एक अजब संस्था आहे. तिथे गेलेली वस्तू सहसा खाली येत नाही. मदरबोर्ड जळालेला आमचा कॉम्प्युटर तिथे सहा वर्षे पडून होता. 'भंगारात घाला एकदाचा,' असा सौ.चा लकडा. पण भाच्याला विजेच्या खटपटींचा नाद. त्याच्या सर्किटांना ५ आणि १२ व्होल्टचा पुरवठा हवा होता. लॅमिंग्टन रोडवर तशा तयार यंत्राची किंमत ऐकली आणि मी निमूटपणे शिडी लावली.

कॉम्प्युटरच्या पोटातल्या या पत्र्याच्या पेटीला दुरुस्तीवाले एसएमपीएस म्हणतात. १९९५ साली इंटेलने एटीएक्स हे मानक आणले. त्यानुसार पिवळी तार १२ व्होल्टची, तांबडी ५ची, नारिंगी ३.३ची आणि काळ्या सगळ्या शून्याच्या. तरीही मीटर लावल्यावाचून रंगावर भरवसा ठेवू नये. मोठ्या जुडग्यातली एकुलती हिरवी तार काळीला जोडली, की पेटी जागी होते. त्या दोघींमध्ये एक बटण टाकले की झाले. काही जुन्या पेट्या भाराशिवाय नीट चालत नाहीत. त्यांना तांबड्या-काळ्यात १० ओहम, १० वॅटचा रेझिस्टर द्यावा. तो तापतो, म्हणून पत्र्याला टेकवून बसवावा.

भाचा स्क्रूड्रायव्हर घेऊन झाकणाकडे वळला, तेव्हा मात्र मी त्याचे मनगट धरले. पुष्कळ हौशी मंडळी पेटी उघडून, तिलाच भोके पाडून टर्मिनले बसवतात. दिसते छान! पण आत २३० व्होल्टचे सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होऊन कपॅसिटरांत साठतात, आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ राहू शकतात. बहिणीच्या एकुलत्या एका मुलाला मी त्यात बोटे घालू देणार नव्हतो. थोडा रुसला. मग तारा बाहेरच ठेवून लाल-काळी टर्मिनले वेगळ्या लाकडी फळीवर बसवली, आणि अर्थिंग असलेला तीनपिनी प्लगच वापरायचा, असे ठरले.

प्रत्येक वाटेवर फ्यूजही घातला. बारा व्होल्टचा झटका बसत नाही हे खरे. पण ही पेटी दहा-पंधरा अँपिअर सहज ओकते, आणि शॉर्ट झाला तर बारीक तार लालबुंद होते.

यंदा आकाशकंदिलात १२ व्होल्टची एलईडी पट्टी आहे. पेटी घरात, गॅलरीत जाते ती फक्त बारा व्होल्टची तार. पंखा जरा घुरघुरतो, एवढीच सौ.ची तक्रार.