बाटली भरलेलीच परत येते तेव्हा...

सकाळची घाई, गॅसवर पोळ्या, रिक्षावाला दारात हॉर्न वाजवतोय आणि नेमकं तेव्हाच, ‘आई, पोटात दुखतंय गं!’ मैत्रिणींनो, हे वाक्य कोणत्या घरात ऐकू येत नाही? आणि आपलं उत्तरही ठरलेलं, ‘नाटकं पुरेत, आवर लवकर.’ मीही माझ्या मुलांना वर्षानुवर्षं हेच ऐकवलंय.

आमच्या गल्लीतल्या एका वहिनींची मुलगी चौथीत. जूनपासून तिचं रोज पोट दुखायचं. ओव्याचं पाणी झालं, हिंग लावून झालं, दृष्ट काढून झाली. रविवारी मात्र पोरगी ठणठणीत! मग नाटकंच की, म्हणून एकदा पाठीत धपाटाही बसला. दिवाळीच्या आधी तिला ताप भरला, लघवीला जळजळ सुरू झाली. डॉक्टरीणबाईंनी एवढंच विचारलं, ‘ही शाळेत पाणी किती पिते?’

वहिनींनी घरी येऊन दप्तर उघडलं. बाटली काठोकाठ. रोज संध्याकाळी त्याच ती बाटली मोरीत ओतायच्या आणि सकाळी पुन्हा भरायच्या, पण कधी लक्षातच आलं नाही!

रात्री दिवा मालवल्यावर पोरगी बोलली. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी नाही. वर्गातली दोन मुलं दार ढकलून पळतात, हसतात. म्हणून जायचंच नाही, म्हणून पाणीच प्यायचं नाही. ‘आधी का नाही सांगितलंस?’ तर म्हणते, ‘तू म्हणाली असतीस, लक्ष नको देऊ.’

हे वाक्य वहिनींना फार लागलं. मलाही.

‘आज शाळेत काय झालं?’ असं विचारलं की ‘काही नाही’ हेच उत्तर येतं. त्यापेक्षा वेणी घालताना, शेंगा सोलताना सहज विचारावं, डबा कुणाबरोबर खाल्लास? मधल्या सुट्टीत कुठे होतीस? समोर बसवून उलटतपासणी केली की मूल मिटतं.

घरचे पुरुष तावातावाने शाळेत निघाले होते. त्यांना थांबवून आम्ही चौघीजणी वर्गशिक्षिकेकडे गेलो. लेखी अर्ज दिला, दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. पोच महत्त्वाची हं! शिक्षण हक्क कायदा, २००९ मध्ये मुला-मुलींची वेगळी स्वच्छतागृहं आणि पिण्याचं पाणी शाळेला बंधनकारक आहे. सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका हव्यात. कागदावर आपली नावं असतातच, बैठकीला जातं कोण?

पोटदुखीमागे दरवेळी हेच असेल असं नाही. फळ्यावरचं उतरवताना चुकतंय, तर आधी डोळे तपासा. तोंडी हुशार पण वाचताना अडखळतो, अक्षरं उलटी काढतो, तो आळशीच असतो असं नाही. ही अध्ययन अक्षमता असू शकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती आलेली आहे. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा, प्रमाणपत्र असेल तर दहावीला जादा वेळ मिळतो. वह्या फाटून येतात, डब्याचे पैसे हरवतात, तर कुणी त्रास देत नाही ना ते बघा. आणि गुरुजींनी मारलं तर ‘तूच काहीतरी केलं असशील’ म्हणू नका. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहे. अंगाला नको तसा हात लावल्याचं मूल सांगत असेल, तर शाळेच्या चौकशीची वाट बघत बसू नये. १०९८ हा मुलांसाठीचा मोफत क्रमांक आहे, नाहीतर सरळ पोलीस ठाणं.

कडी आठवड्यात बसली. पोरांचं चिडवणं थांबायला मात्र दोन महिने गेले. त्यातल्या एकाची आई आमच्याच गल्लीतली, ती अजून आमच्याशी बोलत नाही. आणि वहिनी? पोरगी घरी आली की आधी बाटली हलवून बघतात, मग चहा टाकतात.